नऊ सप्टेंबरची लढाई

मी ट्यूबा वाजवतो, अग्निशमन दलाच्या बँडमध्ये.
दर नऊ सप्टेंबरला सकाळी लिपोव्हेत्सला
आमचा विजय वाजवतो,
मग वाद्य सायकलला बांधून पूल ओलांडतो
आणि दुपारी हार्शफालूला
त्यांचा विजय वाजवतो.
मार्च एकच. तिकडे जरा संथ,
कारण त्यांचा ढोलवाला ओडन आता ऐंशीचा आहे.

लढाई कुणी जिंकली हे नदीला विचारावं
तर ती गुडघाभर.
गुडघाभर पाण्याला काय आठवणार?

आमच्या चौकातल्या दगडी शिपायाचं तोंड पूर्वेला,
त्यांच्या शिपायाचं पश्चिमेला.
डोळ्याला डोळा भिडवून उभे आहेत बिचारे,
मध्ये मक्याचं शेत आणि बिअरचा ट्रक.
बिअर इकडून जाते,
तिकडून येतो रस्सा, लालभडक, काहिलीत रटरटलेला.
एवढ्यावर मात्र दोन्हीकडच्या इतिहासकारांचं एकमत आहे.

तारखांचा तोटा आम्हाला कधीच नव्हता.
आजोबांनी सम्राटाचा वाढदिवस वाजवला,
बापानं मार्शलचा,
मी स्वातंत्र्याचा.
तसबीर उतरायची, भिंतीवर फिकट चौकोन राहायचा,
मग दुसरी लागायची, जरा मोठी, चौकोन झाकेल अशी.
बाकं तीच. टेबलावरचं कापडही तेच,
कोपऱ्यात बीटचा डाग असलेलं.
तो सम्राटाच्या काळातला की मार्शलच्या,
यावर झ्वोंका आणि तिची जाऊ अजून भांडतात.
फेब्रुवारीत काहीच घडलेलं नाही आमच्याकडे, कुठल्याच शतकात.
म्हणून बंबाचा नवा पंप आला तो दिवस धरतो.
पंप गंजून गेला. दिवस शाबूत आहे.

तीन वर्षांपूर्वी शाळेत नव्या बाई आल्या, तादेया.
चर्चच्या माळ्यावर बसून त्यांनी जुन्या वह्या चाळल्या
आणि ऐन भाषणांत उभ्या राहून म्हणाल्या,
त्या दिवशी लढाई झालीच नाही.
दोन्ही सैन्यं धुक्यात वाट चुकली,
एक उत्तरेला गेलं, एक घरी.
पाद्र्यानं त्या तारखेला लिहिलंय इतकंच:
"दाट धुकं. त्सिगुतच्या गायीला जुळी वासरं. दोन्ही जिवंत."

मेयर हातातल्या कागदाकडे बघत राहिला.
त्यावर 'रक्त' हा शब्द पाच वेळा होता.
मी फुंकर तोंडातच धरून ठेवली.
कुणाच्या तरी पेल्यातला फेस
बसत गेला, ऐकू येईल इतक्या हळू.

तेव्हा मागच्या बाकावरून
पोस्टातून निवृत्त झालेला लॉयझे त्सिगुत उठला.
घरी गाय नाही, मांजरसुद्धा नाही.
टोपी काढली त्यानं, आवंढा गिळला
आणि विचारलं,
"दोन्ही?"
"दोन्ही," बाई म्हणाल्या.

काय सांगू!
असा गलका विजयाला कधी उठला नव्हता.
लॉयझेला खांद्यावर घेतलं, जणू त्यानंच वार सोडवली होती.
पोरं पुलावरून निरोप घेऊन पळाली,
वासरं दोन होती, एक आमचं, एक तुमचं.
हार्शफालूनं आणखी एक काहील चढवली
आणि त्या दिवशी रश्श्यात नुसतं डुकराचंच घातलं,
आदर म्हणून.

लढाई आम्ही सोडली नाही, गैरसमज नको.
शिपाई उभेच आहेत, त्यांना कुठे बसवणार?
यंदाच्या भाषणात वासरं होती, तोफा होत्या,
'रक्त' दोनदाच आलं,
आणि तादेयाबाईंनी तिसरा पेला घेताना
वहीतलं पुढचं पान आम्हाला दाखवायचं नाकारलं.

मी मात्र मार्चच्या शेवटी एक सूर जास्त धरतो,
सगळ्यात खालचा, लांब, गोठ्यातून यावा तसा.
कागदावर तो नाही.
पहिल्या वर्षी ओडननं माझ्याकडे रागानं पाहिलं.
आता काठ्या वर धरून
थांबतो, तो संपेपर्यंत.